वस्तऱ्याच्या मुठीतला खळगा

अण्णा, तुमच्या वस्तऱ्याची मूठ माझ्या हातून बिघडली. आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्यासमोर मला आडवळणानं बोलणं कधी जमलं नाही. तुम्ही निजामाच्या काळात उर्दू शाळेत चार इयत्ता शिकलात आणि मराठी अक्षर लावत लावत वाचायचात, म्हणून जरा मोठं अक्षर काढतोय. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी हात आपोआप तसाच चालतो.

माय आता नव्वदीला टेकली आहे. काचबिंदूनं तिची नजर गेली. तांब्या, लाटणं, नातवाचं डोकं, सगळं ती चाचपून ओळखते आणि चुकत नाही. दिवाळीच्या आधी स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता ती एकदम म्हणाली, "त्यांचा वस्तरा कुठंय रे? जरा हातात दे की मला." मायनं स्वतःसाठी माझ्याकडं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळं मला फार आनंद झाला आणि तिथंच घोटाळा झाला.

वस्तरा तुमच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडला. पातं गंजलेलं, शिसवी मूठ काळीमिट्ट, आणि तिच्या एका अंगाला मधोमध खळगा. मला वाटलं, कधीतरी पडून मार लागला असेल, नाहीतर उंदरांनी कुरतडलं असेल. असला वस्तरा मायच्या हातात कसा द्यायचा? चांगला करूनच देऊ म्हटलं. निवृत्त माणसाला उद्योग हवाच असतो. खिळे काढून मुठीच्या दोन्ही पट्ट्या सुट्या केल्या आणि शहागंजात फर्निचरला पॉलिश करणाऱ्या एका चाचांकडं लाख आणायला गेलो. त्यांनी पट्टी उन्हात धरली, खळग्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "घिसा है साब, टूटा नै. रैने दो." मी त्यांनाच शहाणपण शिकवलं. म्हटलं, "चाचा, काम करना तो पूरा करना."

आणि पूर्ण केलं, अण्णा. शिसवाचा भुसा सरसात कालवून खळगा भरला. वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासला, आधी जाड, मग बारीक, आणि दोन्ही पट्ट्या सारख्या दिसाव्यात म्हणून आजूबाजूचं लाकूडही उतरवलं. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख मलमलीच्या बोळ्यानं चढवली. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा दुसरा. असे सात हात दिले. लाकडाची छिद्रं बुजली, पाणी टाकलं तर ओघळून जायला लागलं. चार दिवस मी गॅलरीत बसून शीळ घालत होतो. बायको म्हणाली, "एवढं तर लग्नात खूश नव्हता तुम्ही."

मायनं वस्तरा हातात घेतला. मिटलेल्या मुठीवर अंगठा ठेवला, इकडं सरकवला, तिकडं सरकवला. मग पालथा करून पुन्हा तेच. नंतर तो माझ्याकडं परत करत म्हणाली, "ह्यो नाय. लई गुळगुळीत हाय. त्यांचा आण."

त्या क्षणी मला दुकान दिसलं. तुम्ही पिशोरहून पोलिस ॲक्शननंतर शहरात येऊन टाकलेलं, एक खुर्ची आणि एक आरसा असलेलं. गिऱ्हाईक तोंडाला साबण तसाच ठेवून गावच्या भांडणाची हकिकत सांगतंय. त्याला मध्ये तोडायचं नाही, हा तुमचा नियम. तुम्ही वस्तरा मिटून उभे आहात, "व्हय, व्हय" म्हणताय, आणि अंगठा मुठीवर फिरतोय. पाच पाच मिनिटं फिरतोय. पस्तीस वर्षं फिरत होता. हे मी रोज शाळेतून येताना पाहिलेलं आहे. मॅट्रिकच्या सुट्टीत मी हौसेनं मुठीला व्हार्निश लावायला निघालो होतो, तेव्हा तुम्ही किती जोरात ओरडलात! "त्याला कायी लावू नको. हात लागतो तेवढा बास." मला वाटलं, म्हातारा कंजूष आहे.

वस्तरा एकदा जरी नीट हातात धरला असता, तरी अंगठा आपसूक त्या खळग्यात गेला असता. पण मी धरलाच नाही. हा धंदा मला करायचा नव्हता आणि तुम्हीही कधी आग्रह केला नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला खुर्चीत बसवून तुम्ही माझी दाढी केलीत, हनुवटी वर करून नीट बघितलंत आणि म्हणालात, "आता सायब दिसतो." बस, तेवढाच त्या वस्तऱ्याचा आणि माझा संबंध.

आता काय करू? स्पिरिटनं लाख पुसून काढली, सरसाचं भरण टोकरलं. पण आजूबाजूचं लाकूडच मी उतरवून ठेवलंय, खळगा राहणार कशात? कानशीनं नवा कोरून बघितला. माय म्हणाली, "ह्यो बी नाय." मी आता रोज तासभर तिथं माझा अंगठा घासत बसतो. हा वेडेपणा आहे हे मला कळतं. मी सत्तरी ओलांडली आहे, पस्तीस वर्षं मला कोण देणार?

अलीकडं संध्याकाळ झाली की मायला काळवेळ उमगत नाही. ती तळहात पुढं करून विचारते, "आणला का?" पहिले काही दिवस मी उद्या आणतो म्हणायचो. एकदा तोंडातून निघून गेलं, "अण्णांकडंच आहे, माय. दुकानात." तिनं लगेच हात मागं घेतला. म्हणाली, "मंग राहू दे. गिऱ्हाईक असंल." त्या रात्री ती शांत झोपली. आता मी रोज हेच सांगतो.

हा कागद घडी घालून वस्तऱ्याच्या डबीतच ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं पाठवणार? फक्त एक राहिलं. नोकरीच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय विचारला होता, तिथं मी 'शेती' लिहिलं होतं. पुढं कचेरीत कुणी विचारलं तरी तेच सांगितलं. अण्णा दुकानात आहेत, हे वाक्य मी पहिल्यांदा मायपाशी बोललो, आणि तेही खोटं.