अठ्ठ्याहत्तरची टॅक्सी

४ मार्च
कागद परत केले! नोंदणीच्या खिडकीवरची व्हांगबाई म्हणाली, "आजोबा, बाहेरून आणलेली डिझेल गाडी एकोणऐंशीची किंवा त्याआधीची हवी. तुमच्या कागदावर एक्क्याऐंशी आहे. नंतरची असेल तर कॅलिफोर्नियात नंबर नाही."
मी म्हटलं, बाई, ऐंशीच्या एक जानेवारीला आमच्या तेर्सैरा बेटावर भूकंप झाला. कचेरी ढिगाऱ्यात. पुढे नोंदी नव्याने लिहिल्या. गाडी अठ्ठ्याहत्तरचीच, माझ्या वडिलांची टॅक्सी!
ती हसली नाही.
मेअखेर एर्मिनियोदादा बेटावरून येतोय, उत्सवाला. त्याला विमानतळावरून याच टॅक्सीतून आणायचं. ठरलंय.

५ मार्च
झोप नाही. फाइल तीनदा तपासली. वडिलांचं पत्र आहे की — "घर पडलं, गाडी वाचली. काळजी करू नकोस." भूकंपानंतर महिन्याभराने आलेलं. मी तेव्हा इथे नुकताच गोठ्यावर लागलो होतो.
पोरगी, ओदीलिया, म्हणते, "बाबा, पत्रावर नंबर मिळत असता तर तुम्ही विमानसुद्धा नोंदवून आणलं असतं."
आईवर गेलीय!

११ मार्च
सापडलं! मेकॅनिक म्हणाला, सीटच्या पट्ट्यावर कारखान्याची चिठ्ठी असते, साल छापलेलं. आमच्या दोन्ही पट्ट्यांवर आईने विणलेल्या खोळी. एक उसवली. मनातल्या मनात तिची माफी मागितली. चिठ्ठीवर — ७८!!
एकोणऐंशीत वडील मला विमानतळावर सोडायला आले, तेव्हा हाच पट्टा मी लावला होता.

१२ मार्च
व्हांगबाईने फोटो चष्मा वर करून पाहिला. "पट्टा अठ्ठ्याहत्तरचा, आजोबा. मला गाडीचं साल हवंय." कारखान्याला चासी नंबर कळवायचा, तिकडून दाखला येईल, तोच खरा धरणार.
येऊ दे! मला कसली भीती?

१८ एप्रिल
दाखला नाही. टपालपेटी चारदा उघडली. दादाचा फोन — "एवढी दगदग कशाला रे? मला बैलगाडीतून ने." मी म्हटलं, टॅक्सीतूनच! नंबर मिळणार म्हणजे मिळणार. त्याने भलताच विषय काढला. वय झालं त्याचं.

९ मे
गाडी धुतली. हिरवं छप्पर कसं चकाकतंय!

१४ मे
दाखला आला. गाडी तयार झाली सप्टेंबर १९८० मध्ये. ओदीलियाला दोनदा वाचायला लावलं.
दादाला फोन केला. त्याने आधी महिना-साल पुन्हा विचारलं. मग — "बाबांची गाडी भिंतीखाली गेली रे, बेलो. तू लिहिलं होतंस, टॅक्सी गेली असेल तर घर कसं चालणार, मी परत येतो. म्हणून त्यांनी कळवलं, वाचली. पुढे तसलीच काळी-हिरवी शोधून आणली. जुनीतून पट्टे तेवढे धड निघाले. आईने खोळी घातल्या होत्या ना — बाबांनी स्वतः बसवले."
"मग मला आधी का नाही सांगितलंस?"
"तू इतक्या खात्रीने बोलायचास. म्हटलं, तिकडचे साहेबही मानतील."

१५ मे
त्या एका ओळीवर मी पंचेचाळीस वर्षं इथे राहिलो.

२४ मे
टॅक्सी काल शेजारच्या नेवाडात चुलतभावाकडे गेली, तिथे हा नियम नाही. पट्टे मी आधीच काढून घेतले होते. मेकॅनिकने आज ते आमच्या पिकअपला बसवले, खोळींसकट. दादाला आणायला निघतोय.