कंट्रोल-एन्टर

अण्णा, मला एका जागी बसवत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. दहावीआधी शाळा सुटली ती त्यापायीच. आणि बघा, आता दिल्लीत, मुनिरक्याच्या एका लहानशा ऑफिसात मी खुर्चीवर बसून कोड लिहितो. फोनवर बघून बघून शिकलो. इतके दिवस मला नुसतं पारखत होते. जमलं तर कायम, नाही तर परत बाइकवरून पार्सलं पोचवायची. लिहिलेली फाईल चालवून बघायला दर वेळी माऊस वर कोपऱ्यात नेऊन एक बारका त्रिकोण दाबावा लागायचा. जीव उबगायचा. मग लहानपणचं आठवलं: तुमच्या शिलाईच्या दुकानात माझा पाय मशीनच्या पायडलला पुरत नाही, मी रडकुंडीला आलोय, आणि तुम्ही ओरडता, "पाय कशाला ताणतोस? मशीनला सांग की!" मग पायडलवर फळी बांधून देता. तसंच मी एडिटरच्या, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये शिरलो आणि कंट्रोल-एन्टर दाबलं की फाईल चालेल असं करून टाकलं. हात जागचा हलवायलाच नको. काय बरं वाटलं!

पण तो कॉम्प्युटर माझ्या एकट्याचा नव्हता. सकाळी त्यावर पुण्याच्या एक ताई बसतात, माझं काम तपासणाऱ्या. त्यांना त्याच कळांनी खाली नवी ओळ घ्यायची सवय. त्यांनी ओळ मागितली आणि अर्धवट कोड धावत सुटला. पडदाभर लाल चुका. "अरे, माझ्या एडिटरला काय खाऊ घातलंस?" मी खरं ते सांगितलं. गेली नोकरी, असं मनात म्हणतोय, तर त्या म्हणतात, "विचारायचं तरी, यार! बरं, चल, कुठे बदललंस ते दाखव." मी त्यांच्या कळा परत केल्या, दोघांची सेटिंग वेगळी ठेवली. मग त्यांनीही फाईल चालवायला स्वतःची एक कळ मागून घेतली आणि सकाळभर हौसेनं दाबत बसल्या. संध्याकाळी साहेबांना म्हणाल्या, "सर, इसको रख लो. टिक के बैठता नहीं, लेकिन सीखता है."

मी कायम झालो, अण्णा. कागदावर 'सहायक' लिहिलंय. आईला मात्र फोनवर इंजिनिअर झालो म्हणून सांगून टाकलं, आणि तिनं पेढेसुद्धा वाटले. तुमच्यासमोर हे तोंडातून निघालं नसतं, म्हणून तुम्हाला खरं लिहिलं. घरी तुमच्या हार घातलेल्या फोटोपाशी ठेवायला पाठवणार होतो. पण पाकीट आईच फोडेल.