आल्या वाटेनं परतायचं नाही

आप्पा, येत्या रविवारी मी लेकीला घेऊन तीच वाट चालणार आहे, पाटणच्या वरच्या रानातली. सकाळी डोंगराच्या एका सोंडेनं चढायचं, माथ्यावरच्या सपाट सड्यावरून आडवं जायचं आणि दिवस मावळायच्या आत दुसऱ्या सोंडेनं उतरून पुन्हा त्याच गावात यायचं. आल्या वाटेनं माघारी येणं म्हणजे अर्धाच डोंगर बघणं, असं तुम्ही म्हणायचात. चौकशीला मी गेल्या आठवड्यात जाऊन आले. तुमच्या नियमाप्रमाणे लाकडाचा भारा घेऊन येणारी बाई शोधत होते, तर गावात घरोघरी गॅस! शेवटी म्हशींमागं निघालेल्या एका म्हातारीला गाठलं. "सोंड मोकळी हाय, पर पानी हितनंच भरून घ्या," ती म्हणाली. मी तिला तेच तीनदा विचारलं, तेव्हा ती वैतागली. तुमच्याबरोबर गेले त्या वेळी एकदा जरी असं विचारलं असतं, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

नव्वदच्या दशकातले ते दिवस. मी साताऱ्याला कॉलेजात, तुम्ही पलटणीतून पेन्शनीवर येऊन कोरेगावला ऊस बघत होता. हिमालयातल्या गिर्यारोहण शिबिराचा फॉर्म मी आणला होता आणि त्यावर वडिलांची सही हवी होती. तुम्ही तो स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवलात आणि म्हणालात, "आदी आपल्या डोंगरात मला हिंडवून आन. बेत समदा तुजा. मग सही." आई भाकरी थापता थापता करवादली, "पोरीला कशाला रानात न्हेताय?" तुम्ही म्हणालात, "मी कुटं न्हेतोय? तीच मला न्हेनार हाय." आईनं तवा आदळला. मला मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं.

वाट विचारायची कशी, तेही तुम्हीच शिकवलं होतंत. "पाराव बसल्याला इचारू नगं. बसल्या मानसाला समदंच जवळ वाटतंय. डोईवर भारा आसंल त्या बाईला इचार. तिचा येळ त्यो आपला येळ." चौकशीला मी एकटी गेले, तर ऊन मी म्हणत होतं. भारेवाल्या बायका दुपार कलल्यावर उतरतील असं कळलं, पण तोवर एसटी गेली असती. पारावरच्या मंडळींना विचारून मी मोकळी झाले. "पल्याडनं निस्ता उतार हाय. दोन बिड्या वढस्तवर खाली!" मी वहीत लिहिलं, उतार एक तास. घरी तुम्ही विचारलंत, "भारेवालीला इचारलंस न्हवं?" मी म्हणाले, "व्हय."

त्या दिवशी सड्यापर्यंत सगळं वहीबरहुकूम झालं. तुम्ही मुद्दाम मला पुढं ठेवून मागून चालताय. भाकरी-ठेचा खाताना म्हणता, "बेत ब्येस हाय गड्या." मला, मुलीला, गड्या! मी फुशारून जाते. मग दुसरी सोंड लागते, थोडं उतरतो आणि वाटच संपते. डोक्याच्या वर कारवी माजलेली, मधे दरड कोसळलेली. माघारी फिरायची वेळ टळून गेलेली. तीन तास आपण कारवी हातानं सारत, बुडाव घसरत उतरतो. पाणी संपतं. तुमचा गुडघा सुजतो. तुम्ही एका दगडावर बसता, ओठ पांढरेफटक, आणि तुम्हाला इथून खाली नेणं आपल्याच्यानं होणार नाही, अशी भीती मला वाटते. "बाईनं येवडं चुकीचं कसं सांगितलं?" तुम्ही एवढंच विचारता. मी बुटाची नाडी बांधत बसते.

दिवेलागणीला आपण गावात टेकलो. पहिल्याच घरातल्या बाईनं पाण्याचा तांब्या दिला. "आवं, त्या सोंडंनं आलासा? दरड पडल्यापासनं आमी बाया तिकडं फिरकत बी न्हाई. कुना बाईला इचारायचं न्हाई व्हय?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तांब्या रिकामा केलात आणि तिला म्हणालात, "चुकलंच आमचं." घरी गेल्यावर आप्पा सोलून काढणार, अशी माझी खात्री होती.  तुम्ही आईला एवढंच सांगितलंत की गुडघा जिन्यावर मुरगळला. सकाळी सही केलेला फॉर्म माझ्या पुस्तकांवर होता.

ती माफी होती, की एका चुकीनं माणूस मोडीत काढायचा नाही ही पलटणीतली रीत, ते मी कधी विचारलं नाही. वर्षभरात तुम्ही गेलात. हा कागद कुठं धाडायचा नाही, वहीतच राहणार आहे, तर सांगूनच टाकते. शिबिराच्या जागा भरल्या, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही किती हळहळलात, त्या शिबिरवाल्यांना दोन दिवस शिव्या घातल्यात. जागा भरल्या नव्हत्या, आप्पा. तुम्ही माझ्यावर भरवसा टाकलात आणि मलाच तो पेलेना. मी फॉर्म पाठवलाच नव्हता.