ओटीतला बन्सी गहू

ती. सौ. लंकाबाई आक्कास,

धाकट्या निवृत्तीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. खरोखर घातला तर मला उठवायला योगेशला शेतातून बोलवावं लागेल.) दाजींचा गुडघा काय म्हणतो? त्या गुडघ्यापायी यंदा तुझी भाऊबीज चुकली आणि माझं कपाळ कोरडं राहिलं. नामपूरला थंडी जास्त, त्यांना शेक देत जा, आणि देताना तुमच्या त्या 'शे शे'वाल्या अहिराणीत भांडू नको.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तुझी भावजय कला दिवसभर शेजारच्या खाटेवर असते. लकव्यानं तिचा उजवा हात नेला, निम्मी जीभ नेली, कान मात्र होते त्याहून तिखट करून ठेवले. म्हणून गोठ्यात बसून लिहितोय. गाय वाचत नाही, एवढं बरं आहे.

तर ऐक. दोन वर्षांपूर्वी गावात अनुदानाचं गव्हाचं बियाणं आलं, सोबत खताच्या गोण्या. खोटं कशाला बोलू, गहू असा पिकला की घरात ठेवायला जागा उरली नाही. शेवटी कोंबड्यांना बाहेर काढून खुराड्यात पोती रचली. (कोंबड्या अजून माझ्याकडे सरळ बघत नाहीत.) झालं, सगळ्या गावानं घरचं बियाणं राखायचं सोडलं. एकटी कला बांधालगतचा पट्टा आपल्या बन्सी गव्हासाठी ठेवायची. त्याला ना पाणी लागायचं, ना युरिया, नुसत्या थंडीवर यायचा. पिकायचा थोडा, म्हणून योगेश तिला हसायचा. मग संक्रांतीनंतर ती दवाखान्यात पडली. तिच्यासारखी राख चोळून, कडुलिंबाचा पाला घालून बियाणं जपायची अक्कल आम्हा बापलेकांना कुठली? कीड लागली. अनुदानाची पिशवी दरवर्षी येणारच आहे, असं म्हणत योगेशनं तो गहू कोंबड्यांपुढे टाकला, आणि मीही काही बोललो नाही.

यंदा पिशवी आली नाही. नावांची सोडत निघाली, तीत आपलं नाव नाही. बियाणं दुकानातून पुऱ्या किमतीला आणलं. युरिया मागितला तर सोबत टॉनिकची बाटली घेतल्याशिवाय दुकानदार गोणीला हात लावू देईना. बाटली कशाची, हे त्यालाही सांगता आलं नाही. ती मी तुळशीला घातली. तुळस अजून आहे, पण पूर्वीची राहिली नाही.

पेरणीच्या आदल्या दिवशी कलानं डाव्या हातानं खुणावलं, बियाणं दाखवा. तिनं ओंजळीत घेऊन बघितल्याशिवाय आपल्या घरून पेरणीची पाभर कधी निघालीच नाही. दुकानातलं बियाणं औषध लावून गुलाबी केलेलं असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. परातीत ओतून तिच्यापुढे धरलं. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अक्षता? लगीन कोणाचं?" योगेश हसला, मी हसलो, वाकड्या तोंडानं तीही हसली. मग म्हणाली, "आपला कुठं हाय?" जपून ठेवलाय, उन्हात घालतो, असं मी ठोकून दिलं.

तेव्हापासून रोज सकाळी तेच विचारते. मी पिशवी घेऊन गावभर हिंडलो. ज्याला त्याला विचारलं, घरोघरी तेच गुलाबी बियाणं. शेवटी पुंजाराम नानानं मोठ्या थाटात ओंजळभर गहू आणून दिला, अगदी बन्सीच म्हणे. कलानं दोन दाणे दाताखाली धरले आणि थुंकले. मागाहून कळलं, तो रेशनचा होता. नानाला काय बोलणार? म्हातारा माणूस, मला रिकाम्या हातानं पाठवणं त्याच्या जिवावर आलं.

आक्का, मला फार वाईट वाटतं. नव्या बियाण्यानं पोती भरली त्याचं नाही गं. आजीच्या हातापासून चालत आलेला दाणा माझ्या घरात संपला आणि ज्या बाईनं तो सांभाळला तिच्याशीच मी रोज खोटं बोलतो. असो. बाकी सर्व खुशाल. गाय व्यायली, कालवड झाली. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
निवृत्ती

ता. क. : गेल्या वर्षी भाऊबीज करून तू निघालीस, तेव्हा कलानं तुझी ओटी बन्सी गव्हानंच भरली होती, हिरव्या खणासकट. तू मिठाईचा रिकामा खोकासुद्धा टाकत नाहीस, म्हणून विचारतो. तो गहू एखाद्या डब्यात राहिला असेल का? मूठभर असला तरी चालेल.

आणखी एक ता. क. : ओटीतलं परत मागत नाहीत, एवढं मलाही कळतं. म्हणून परत पाठवू नको. दाजींना सुनेच्या हवाली करून तूच ये आणि त्याच गव्हानं कलाची ओटी भर. डॉक्टर आता गोळ्या वाढवत नाहीत, खाईल ते खाऊ घाला म्हणतात. सवाशिणीची ओटी शेवटी भरतातच, पण तिला कळत असताना भरलेली बरी.