बाबांच्या खड्ड्यावर माती

घाटकोपर, मे १९८४

सहदेवदादा,

काल शेजारच्या उत्तराताईंकडे तुझा फोन आला, तेव्हा मी नुसतं "विचार करते" म्हणाले. आई मागेच उभी होती रे, बोलणार कशी?

बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणीतलं पाणी उपसून झालं, आता गाव खड्डा बुजवून वर काजू लावणार, हे झकासच. पण काही वर्षांपूर्वी दरड कोसळून बाबा त्याच खड्ड्यात गाडले गेले ते सापडलेच नाहीत, आणि तू विचारतोस, आधी त्यांना शोधायचं का? शोधत बसलो तर पाऊस गाठेल आणि खाणीचं तांबडं पाणी यंदाही लोकांच्या भातात, विहिरींत शिरेल. आई अजून बाबांची वाट बघते, असं आपण धरून चाललोय. तिला कसं विचारू?

"शोधू नका, बुजवा" एवढंच तुला लिहायला आज बसले, तर आई समोर येऊन बसली.

"सहदेव काय इचारी होतो?"

मी सांगून टाकलं.

"तो थंयच आसा, माका ठावक आसा," ती म्हणाली. "पोरांका तांबडा पाणी पाजू नकात. बुजवा तो खड्डो. पण मातीची पयली पाटी मी टाकतलंय."

आता हे पत्र टपालात टाकत नाही, त्याआधी आम्हीच पोचू; तुझ्या हातातच देईन. तुझा फोन आला तर आई येईपर्यंत थांबा, असा निरोप उत्तराताईंकडे ठेवलाय.

आई पिशवी भरून तयार आहे. आत्ताच तिने आरशापुढे कुंकू लावलं, रोजच्यासारखं.

तुझी,
शेवंती