डावीकडे ओढणारी सायकल

६ जानेवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तू जोडून पाठवलेली सायकल परवा सुखरूप पोचली. टेम्पोवाल्याने ती अंगणात उतरवली तेव्हा शेजारच्या बाई खिडकीला चिकटून बघत होत्या. या वयात ही आता सायकल शिकणार की काय, असं त्यांनी दूधवाल्याला विचारलं म्हणे. शिकायची कसली? तुझ्या सायकलच्या दांड्यावर बसून मी लहानाची मोठी झाले, हे त्यांना कोण सांगणार!

रक्तात साखर वाढली आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून तुझी भाची हात धुऊन माझ्या मागे लागली आहे. आई दिवसभर शिलाई मशीनवर बसते, शाळेच्या गणवेशांचे ढीग उपसते आणि चालायला म्हणून पाऊल उचलत नाही, अशी मनीची तक्रार. चालणं मला शिक्षा वाटते. सायकलचं तसं नाही. उजाडलं की निघते. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत सगळा उतार आहे, तिथे पॅडल न मारता सुटायचं. खाली ट्रकांची वर्दळ असते, तेवढं मात्र जपावं लागतं. हे गेल्यापासून सकाळ उगवली की बरं वाटावं असं काही नव्हतंच रे, ते आता आहे.

दोन तक्रारी आहेत. सीट दगडासारखी आहे, म्हणून मी जाड फोम घालून झकास कव्हर शिवलं. आणि सायकल किंचित डावीकडे ओढते. रागावू नकोस, पण ओढते खरी.

मायेत काटकसर करू नकोस आणि उत्तर चार ओळींचं नको.

तुझी,
भिंगरी


१३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोनवर मला हल्ली खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही, म्हणून तू लिहितेस ते बरं. कारखान्याने कान घेतले पण हात ठेवले, त्या हातांवर सायकलचं दुकान चाललंय.

आधी ते फोमचं कव्हर काढ. मऊ सीटवर माणूस रुततो आणि मग मांड्या सोलतात. शिंपीण झालीस म्हणून सगळ्या जगाला कपडे घालायलाच हवेत असं नाही. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेव. पाय सरळ झाला की सीटची उंची बरोबर. सीटचं नाक वर नको, खाली नको. आठ-दहा दिवस दुखेल, मग बूड आपोआप सरावेल.

डावीकडे ओढण्याचं म्हणशील, तर माझ्या हातची सायकल ओढत नाही. पण टेम्पोवाल्याने वर गोणी टाकल्या असतील तर पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला असेल. पुढचं चाक उचलून फिरव आणि ते ब्रेकच्या रबराला एकाच बाजूने घासतं का ते बघ. माणसं उगाच कुरकुरतात, सायकल नाही. तिची तक्रार असेल तर दोष असतोच, आणि तो सापडतोच.

मनीला आशीर्वाद. तुझी आठवण रोज येते. हे मी लिहून टाकलं, पुन्हा लिहायला सांगू नकोस.

तुझा,
दादा


२ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

फोम काढला. तुझं म्हणणं खरं निघालं, बसायचा त्रास संपला. आता नवं ऐक. डाव्या हाताला मुंग्या येतात. सायकलवरून उतरले तरी जात नाहीत. काल काज करताना सुई बोटांतून तीनदा गळून पडली. मुठी फार कडक आहेत, त्यांचाच हा प्रताप. जुन्या जीन्सचे हातमोजे शिवले, आत कापूस भरला. दिसतात झकास, पण मुंग्या आहेत तिथेच आहेत.

डावं पॅडलही गुळगुळीत झालं असावं. पाय घसरतो आणि मला पत्ताच लागत नाही. परवा तर चप्पल रस्त्यातच राहिली, पोस्टमनने हाक मारून दिली. फाटकातून आत येताना सायकल डाव्या खांबाला घासली. रोजचं फाटक, रोजचा खांब! शेजारच्या बाई लगेच म्हणाल्या की नाचता येईना अंगण वाकडं. मी हसले, पण घरात आल्यावर रडूच आलं. एवढ्याशा बोलण्याला मी कधी रडले होते का रे?

चिमट्याचं काय करू ते सविस्तर लिही. तुझ्या पत्राची वाट पाहणारी,

भिंगरी


८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शेजारणीला सांग, आमच्या घरात अंगण वाकडं असलं तर ते आधी सरळ करतात, मग नाचतात.

हाताला मुंग्या येतात त्या हँडल खाली असल्यामुळे. सगळा भार मनगटावर येतो. हँडल बोटभर वर घे आणि मुठी रबराच्या बसव. पॅडल दातेरी घे, म्हणजे चप्पल धरून ठेवेल. चप्पल तरी कशाला, पट्ट्याचे बूट घाल. चिमट्याच्या वरच्या कपात छर्रे, म्हणजे बारीक पोलादी गोळ्या असतात, एखादा फुटला की हँडल एका बाजूला जातं. तुझ्या गावातल्या मिस्त्रीकडे जा आणि समोर उभी राहून काम करून घे. सगळे छर्रे बदल, नवं ग्रीस भर, चाक आउट असेल, म्हणजे डुलत फिरत असेल, तर तेही सरळ करून घे.

इथे बसून मी उंटावरून शेळ्या हाकतोय हे मला कळतं. पण आणखी कोणाच्या हाती तुला देऊ? बिघाड सापडेपर्यंत सावकाश चालव. घाई नको, पण सोडूही नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते तेलपाण्यावाचूनही चालतात.

दादा


२६ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

मिस्त्रीने सगळं केलं. छर्रे, ग्रीस, मुठी, पॅडल, डाव्या ब्रेकची केबलसुद्धा नवी घातली. मग स्वतः चक्कर मारून आला आणि बाई, सायकल लोण्यासारखी चालते असं म्हणाला. मला तो माणूस चलाख वाटला. काम उरकायचं आणि पैसे घ्यायचे.

कारण त्यानंतर चौथ्या दिवशी मी पडले. घाबरू नकोस, कोपर सोललं तेवढंच. उतार संपतो तिथे डावीकडून एक टेम्पो आला. आला म्हणजे काय, आकाशातून पडल्यासारखा आला. मला तो आधी दिसलाच नाही. टेम्पोवाला हात जोडून सांगत होता की बाई, मी केव्हाचा हॉर्न वाजवतोय. हॉर्न ऐकू आला होता, पण कोणीकडून ते कळलं नाही. डावा ब्रेक दाबला, तर बोटं मिटायला तयारच नाहीत. केबल नवी असूनही एवढी ताठ कशी?

मनीने हेल्मेट आणलं. त्याचा पट्टा काचतो आणि डोकं ठणकतं. काल तर घालायच्या आधीच दुखायला लागलं. डोक्यानेसुद्धा धसका घेतला बघ!

सायकल जानेवारीत जो घेऊन आला होता त्याच टेम्पोवाल्याबरोबर तुझ्याकडे पाठवते आहे. तूच बघ. दादा, मला आता भीती वाटते. कधी कधी वाटतं, सायकलीशिवाय दुसरंच काहीतरी बिघडलंय. तसं वाटलं की मी मशीन जोरात चालवते, म्हणजे विचार ऐकू येत नाही.

तुझ्यावर सगळी भिस्त टाकून बसलेली,
भिंगरी


१ मार्च

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. सायकल उद्या टेम्पोत चढेल. आज मी तिच्यावरून बाजारात जाऊन आले. मामा, ती कुठेही ओढत नाही.

आईच्या डाव्या बाजूचं काहीतरी बिनसलंय. दाराच्या डाव्या चौकटीला तिचा खांदा रोज आपटतो. ताटातलं डावीकडचं तसंच राहतं आणि पोट भरलं म्हणून उठते. गेल्या आठवड्यात गणवेशांची एक खेप परत आली, सगळ्या शर्टांच्या डाव्या बाह्या तिरक्या. तिच्या हातचं काम परत आलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी सांगायला गेले की चिडते, म्हणते कापड वाईट होतं.

मेंदूच्या डॉक्टरांची सतरा तारखेची वेळ मी घेतली आहे. बरीच रडारड झाल्यावर ती कशीबशी हो म्हणाली, तेसुद्धा दादाचं उत्तर येऊ दे या अटीवर. डॉक्टर म्हणाले की तोवर तिला रस्त्यावर एकटी सोडू नका. तेव्हा मामा, सायकलीत काहीच दोष नाही असं तिला तू स्पष्ट लिही. माझं ती ऐकत नाही. तुझ्या अक्षरावर तिचा विश्वास आहे.

मला फार भीती वाटते. मोठा आधार फक्त तुझाच आहे.

तुझी,
मनी


९ मार्च

चि. मनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सायकल पूर्ण उघडली. फ्रेमला दोरा लावून पाहिला, चिमटा, कप, चाकं, सगळं मोजलं. मग पुन्हा जोडली आणि दुकानापुढच्या गल्लीत हँडल सोडून चालवली. रेघ ओढावी तशी सरळ गेली. गल्लीच्या टोकाला उतरलो आणि तिथल्या पायरीवर बसून राहिलो. गिऱ्हाईक हाका मारत होतं म्हणे. दोन महिने तुझी आई मला सांगत होती आणि मी तिला छर्रे बदलायला लावत होतो.

तू सांगितलंस तसं लिहायला बसलो. हात चालला नाही पोरी. आमच्या घरातलं तिच्याशिवाय माझं कोणी उरलेलं नाही. सायकल चांगली आहे हे वाचून ती एकटीच खोलीत काय विचार करत बसेल, ते मला बघवेना. म्हणून तिला लिहितोय की फ्रेमला तडा आहे आणि सायकल इथेच राहील. म्हणजे ती रस्त्यावर जाणार नाही, आणि घाबरणारही नाही. सतराला साखरेची तपासणी म्हणून तिला घेऊन जा. सोळाला मी तिथे पोचतो. जे सांगायचं ते तिचा हात धरून सांगेन.

तोवर तिच्यावर नजर ठेव. हे पत्र तिला दाखवू नकोस. तुझ्या शहाणपणाचा मला भरवसा आहे.

मामा


९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सापडला. पॅडलच्या वर, जिथे नळ्या जोडलेल्या असतात, तिथे रंगाखाली फ्रेमला केसाएवढा तडा आहे. मिस्त्रीला तो दिसणं शक्य नव्हतं. त्या तड्यानेच सायकल डावीकडे ओढली, पाय घसरले, हाताला मुंग्या आल्या. तुझा यात काही दोष नाही. आता ही सायकल दुरुस्त होण्यातली नाही, मी ती इथेच ठेवून घेतो.

सोळाला तुझ्याकडे येतोय. कारण विचारू नकोस, भावाला बहिणीकडे यायला कारण लागत नाही. मनीबरोबर साखर तपासून घे. तोवर घरात बस आणि माझ्यासाठी एक शर्ट शिव.

खूप आशीर्वाद.

दादा


१३ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि जीव भांड्यात पडला. तुला सांगितलं नव्हतं, पण मी फार घाबरले होते. मनीने मला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं होतं, आणि मीही मनातून तयार झाले होते. आता कशाला? आज मीच फोन करून सतराची वेळ रद्द केली. तिकडच्या बाईंना सांगितलं की सायकलच्या फ्रेमला तडा होता, माझ्या भावाने शोधून काढला. त्या काहीतरी विचारत होत्या, पण मी आनंदात फोन ठेवला.

मनी ऑफिसच्या कामाने मंगळवारी अचानक बाहेरगावी गेली, रविवारी येईल. जाताना शेजारच्या बाईंना माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगून गेली, जशी मी कुक्कुलं बाळ! तिच्या नावाचं तुझं पाकीट माझ्या पत्राबरोबरच आलं. मामा-भाचीचं काय गुपित चाललंय ते बघावंसं वाटलं, पण दुसऱ्याचं पत्र मी फोडत नाही. तिच्या टेबलावर ठेवलंय.

आता खरी बातमी. शर्ट नंतर शिवीन, कारण मी नवीकोरी सायकल घेतली! तुला दुकानदाराचा हेवा वाटेल म्हणून भीत भीतच लिहिते. फ्रेम दोनदा ठोकून बघितली, तडा-बिडा काही नाही. संध्याकाळी गल्लीत एक चक्कर मारली. हीसुद्धा जराशी डावीकडे ओढते, पण दुकानदार म्हणाला नवी आहे, चालवून चालवून बसेल. तेही खरंच. उद्या उजाडताच उतारावर नेते. दोन आठवड्यांत पाय अगदी आखडून गेलेत.

सोळाला स्टेशनवर घ्यायला मी सायकलवरच येईन, तू फक्त भूक ठेवून ये.

तुझी लाडकी,
भिंगरी