दारावरची बारा अक्षरं

बेइमेन, ताइनान
चंद्रोत्सवानंतरचा मंगळवार

आदरणीय दादांना, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा को थ्येनलू याचा कमरेत वाकून नमस्कार.

सर्वांत आधी हे कळवतो की आमच्या घरी सगळे जिवंत आहेत. गावाकडून कुणी फोन करून तुम्हाला वेगळं काही सांगितलं असेल तर तो गैरसमज आहे, त्याचा खुलासा पुढे योग्य जागी येईलच. तुमची बहीण पाओछिन ठणठणीत आहे आणि मी हे लिहीत असताना समोर तव्यावर गिऱ्हाइकांसाठी कालवांची धिरडी उलटते आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? गच्चीवरच्या कुंडीतलं ते वाकडं झाड यंदाच्या वादळातून वाचलं असेल अशी आशा आहे. आम्ही पाठवलेली पपनसं पोचली असतील. लगेच सोलू नका, साल सुरकुतली की गोड लागतात. (जरा उठून आलो. घराचं दार बघायचं होतं. जागेवर आहे.)

या मधल्या उठण्याबद्दल आताच माफी मागून ठेवतो. आयुष्यभर लांब पल्ल्याची गाडी हाकली, एका सीटवर दिवसचे दिवस काढले, आणि आता निवृत्त झाल्यावर मला घटकाभर एका जागी टेकवत नाही. पायाला भिंगरी लागली आहे. मत्स्यतळ्याच्या बांधावर इतक्या येरझाऱ्या घातल्या की मासे मला ओळखायला लागलेत, मी दिसलो की खाणं आलं समजून वर येतात. पाओछिन म्हणते, अंड्यावर आलेली कोंबडीसुद्धा एक कोपरा धरते, तुम्हाला तेवढंही जमेना. यामागचं कारण सांगायचं तर मुळापासून सांगावं लागेल. तुम्ही मोठे आहात, सावकाश वाचाल.

पाओछिनला बर्फ बघायचाय हे तुम्हाला माहीतच आहे. लहानपणी तुम्ही तिला फ्रीजमधला खरवडून दाखवलात आणि हाच बर्फ म्हणून सांगितलंत, तेव्हापासून तिचा तुमच्यावर जरा कमीच विश्वास आहे. यंदाच्या हिवाळ्यात जपानमधल्या होक्काइदोच्या सहलीला जायचं असं तिने ठरवलं. पैसे महिनाअखेरीला प्रवासी कंपनीकडे भरायचे आहेत. हे पैसे आमची यीरुंग सिंगापूरहून आईसाठी पाठवत आली, पण बँकेतून नाही, कारण बँक मध्येच आपला लचका तोडून घेते. ती पाठवते ती डॉलरच्या भावाला बांधलेली क्रिप्टो नाणी, आणि ती राहतात फोनमधल्या पाकिटात. ते पाकीट माझ्या हाती आलं, कारण सगळ्यांसमोर 'मला कळतं' असं मी म्हणून बसलो होतो.

आणि खरंच कळतं हो. पाकीट एकच, पण रस्ते अनेक. या रस्त्यांना हल्लीची मुलं चेन म्हणतात. पाकिटाचा पत्ता यातल्या बऱ्याच रस्त्यांवर तोच असतो, पण एका रस्त्यावर आलेला पैसा दुसऱ्या रस्त्यावर उभं राहून दिसत नाही. दर रस्त्याचा टोल वेगळा, आणि तो त्याच रस्त्याच्या नाण्यात भरायचा. मोठी रक्कम हलवण्याआधी चिल्लर पाठवून बघायची. आणि सगळ्या रस्त्यांवरची कुलपं उघडणारी किल्ली मात्र एकच, ती म्हणजे बारा अक्षरं. फोन गेला तरी नव्या फोनमध्ये ती बारा क्रमाने भरली की पाकीट परत. ती कुणालाही सांगायची नाहीत, सख्ख्या मुलीलासुद्धा नाही. इंग्रजी शब्द मला झेपणार नाहीत म्हणून यीरुंगने आपल्या लिपीतली, एकेका अक्षराचा पुरा शब्द होणारी अक्षरं देणारं पाकीट निवडलं. एवढं सगळं मी एकदाच ऐकून पाठ केलं. ज्याने डोंगरातल्या घाटातून धुक्यात गाडी उतरवलीय त्याला हे काय अवघड?

आता इथे, दादा, तुमचा संबंध येतो. दचकू नका. ही अक्षरं ठेवायची कुठे? चोर कपाट बघतो, गादी बघतो, देव्हाऱ्यामागे हात घालतो. पण दाराच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या नववर्षाच्या लाल पट्ट्या कोण वाचतं? गेल्या नववर्षाआधी मी पाओछिनच्या हाती तुम्हाला एक चिठ्ठी पाठवली होती, सहा-सहा अक्षरांच्या दोन ओळी लिहून द्या म्हणून. तुम्ही फोनवर विचारलंत, हे कुठल्या कवीचं? मी म्हणालो, जुनं आहे. ते नुसतं जुनंही नव्हतं, ते पाकिटाने काढून दिलं होतं. तुमचं हस्ताक्षर आलं, सोनेरी शाईतलं, बघत राहावं असं. पट्ट्या लावल्या, आणि मूळ कागद पितरांच्या कागदी नोटांबरोबर रीतसर जाळून टाकला.

शेजारचे निवृत्त हेडमास्तर रोज सकाळी फिरायला जाताना उजवी पट्टी मोठ्याने वाचतात: लोखंड, वाट, सुख, पाऊस, अर्धा, मेंढा. त्यांनी अर्थही लावलाय, की वाट कितीही कठीण असली तरी सुखाचा पाऊस अर्ध्या मेंढ्यापुरता तरी पडतोच. चार लोकांनी माना डोलावल्या. (आत्ता लक्षात आलं की मी ती अक्षरं इथेही लिहून बसलो. हे पान वाचून झालं की जाळा. नाही, जाळू नका. पुढचं वाचा.)

तर गेल्या पंधरवड्यात यीरुंग म्हणाली, बाबा, पैसे पाठवलेत. मी पाकीट उघडलं तर नव्या पैशांचा पत्ता नाही. घरात सांगायची सोय नव्हती, म्हणून मात्सू देवीच्या देवळात जाऊन लाकडी तुकडे टाकून कौल लावला: पैसे चोरीला गेले का? दोन्ही तुकडे सपाट बाजू वर करून पडले, म्हणजे देवी हसली. परत टाकले, परत हसली. पुजारी म्हणाला, तुमचा प्रश्नच तिला पटलेला नाही. संध्याकाळी यीरुंगचा फोन आला. तिने यावेळी पैसे नव्या, स्वस्त रस्त्याने पाठवले होते आणि मी जुन्या रस्त्यावर उभा राहून वाट बघत होतो. पाकिटात रस्ता बदलला आणि पैसे समोर. देवीला आधीच माहीत असणार.

पण ते पैसे हलेनात. आपल्या तैवानी चलनात बदलून देणारी कंपनी ही नाणी फक्त जुन्या रस्त्याने घेते. तिकडे न्यायचं तर नव्या रस्त्यावरचा टोल हवा, आणि तो भरायला माझ्याकडे त्या रस्त्याचं दमडीइतकंही नाणं नव्हतं. गाडी प्रवाशांनी भरलेली आणि टाकीत डिझेल नाही, अशी गत. यीरुंग म्हणाली, उद्या मी टोलपुरतं नाणं पाठवते, तोवर गप्प बसा. गप्प बसणं मला जमलं असतं तर हे पत्र इथेच संपलं असतं. मी फोनवरच्या एका क्रिप्टो-गटावर विचारणा टाकली, आणि लगेच 'मदत-कक्षा'तल्या एका बाईचा निरोप आला. इतकी गोड, की काका, जेवलात का इथपासून सुरुवात. मग म्हणाली, काका, बारा अक्षरं सांगा, मी पैसे हलवून देते.

मी काय दूधखुळा आहे? साफ नाही म्हणालो. तिने नरमाईने विचारलं, काका, निदान सुरक्षित जागी ठेवलीत ना? मला काळजी वाटते. आता कुणी काळजी केली की माणूस विरघळतो. मी लिहिलं, अशा जागी ठेवलीत की अख्खा गाव रोज समोरून जातो आणि कुणाला कळत नाही. आणि सोबत दारात उभं राहून हसत काढलेला माझा फोटो पाठवला. मागे तुमच्या दोन्ही पट्ट्या, सोनेरी, ठळक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. (उठून आलो. पाओछिनने विचारलं, काय बघताय? म्हणालो, हवा.)

चूक दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना समजली. आधी बाहेर धावलो आणि दोन्ही पट्ट्यांवर हाताला लागला तो कागद चिकटवला. फोटो निघून गेल्यावर दार झाकून उपयोग नाही हे नंतर सुचलं. आणि हाताला लागलेला कागद पांढरा होता हे त्याहून नंतर. लाल पट्ट्यांवर पांढरा कागद आपल्याकडे कधी लावतात हे मी तुम्हाला काय सांगू? तासाभरात अर्धा गाव दारात. हेडमास्तर डोळे पुसत, समोरची म्हातारी दुखवट्याच्या पैशांचं पाकीट घेऊन, एक बँडवाला अंत्ययात्रेचा दर सांगायला. कोण गेलं ते मला कुणी विचारेना, कारण मी समोर उभा होतो आणि पाओछिन बाजारात गेली होती. ती सायकलवर कालवांची पिशवी लटकावून परतली तेव्हा म्हातारीने किंकाळी फोडली. पाओछिनने शांतपणे सगळ्यांना चहा दिला, म्हातारीचं पाकीट परत केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, उन्हाने रंग उडतो म्हणून झाकलंय. ती पिशवी उचलून कालवं धुवायला आत गेली.

दुपारी सगळे पैसे एका नव्याकोऱ्या पाकिटात हलवायचे म्हणून यीरुंगला फोन लावत बांधावरून धावलो. घसरलो. मी वाचलो, फोन तळ्यात गेला. मासे खाणं समजून धावले. नवा फोन घेतला, पांढरा कागद थोडा उचकटून बारा अक्षरं क्रमाने भरली. पाकीट म्हणालं, चूक. परत भरली. चूक. उजवी पट्टी आधी, मग डावी आधी, वरून खाली, खालून वर. दाराच्या माथ्यावर तुम्ही प्रेमाने लिहून दिलेली चार जादा अक्षरंही मिसळून पाहिली. चूकच.

मी यीरुंगला म्हणालो, चोराने कुलूप बदललं. ती म्हणाली, हे कुलूप कुणालाच बदलता येत नाही. पत्ता टाकला की बाहेरून कुणालाही बघता येतं, तिने बघितलं. पैसे दोन्ही रस्त्यांवर जागच्या जागी, कुणी बोट लावलेलं नाही. आणि त्याच दिवशी मदत-कक्षातल्या बाईचा निरोप आला: काका, फोटोत डावी पट्टी उन्हामुळे नीट दिसत नाही, परत एकदा काढून पाठवता का? म्हणजे तो चोर आणि मी एकाच दारात उभे आहोत, एकच न लागणारी किल्ली घेऊन. पैसे सगळ्यांपासून सुरक्षित आहेत, माझ्यापासूनसुद्धा. पाओछिनला मी सांगितलंय की जुना फोन दुरुस्तीला दिलाय. ती रात्री जेवताना बर्फावर चालायचे बूट कुठले घ्यावेत ते विचारते आणि मी ताटावरून उठून दार बघायला जातो. तिने आजवर स्वतःसाठी एवढी एकच गोष्ट मागितली, दादा. ती माझ्या हातून बुडाली तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

असो. सगळं क्षेम आहे. हे पत्र काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही, सहज विचारपूस म्हणून लिहिलं. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
थ्येनलू

ता. क. एक लहानशी गोष्ट राहिली. तुमच्या लेखणीबद्दल शंका घेण्याची माझी लायकी नाही. 'वर आभाळात देव, खाली जमिनीवर मामा' अशी आपल्याकडची म्हण आहे, आणि यीरुंगच्या लग्नात मानाच्या खुर्चीवर तुम्हीच बसणार आहात. पण विद्वान माणसाच्या हातून अर्थहीन ओळी लिहिताना नकळत एखादी सुधारणा होऊन जाते असं ऐकलंय. मेंढा मूळचा मेंढाच होता ना? की तिथे दुसरं कुठलं जनावर होतं? जे बदललं असेल ते कळवा. फोनवर नको, आणि सगळी बारा तर मुळीच नकोत.

ता. क. दुसरा. वरची विनंती रद्द. मघाशी पत्र टेबलावर ठेवून मी पुन्हा दार बघायला गेलो, आणि येऊन बघतो तर पाओछिन पुसलेल्या हाताने शेवटचं पान वाचत होती.

ती म्हणाली, "उजवीकडचं तिसरं. चिठ्ठीत तिथे 'रोग' होतं. दारावर रोग लावून वर्षभर धिरडी विकू होय मी? मीच दादाला म्हटलं, तिथे 'सुख' लिही."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर म्हणालात, फोन दुरुस्तीला दिलाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सुखाच्या जागी रोग भरला आणि पाकीट उघडलं. यीरुंगने टोलचं नाणं पाठवलं, आधी चिल्लर नव्या पाकिटात हलवली, ती पोचल्यावर दोन्ही रस्त्यांवरचं सगळं. या वेळी मी खुर्चीवर बसून होतो, कारण पाओछिनने खांद्यावर हात ठेवला होता. नव्या पाकिटाची बारा अक्षरं तिच्याकडे आहेत. कुठे ठेवलीस म्हणून विचारलं, तर ती धिरडं उलटत राहिली.

ता. क. शेवटचा. खरं काम हे आहे. तुम्ही जहाजावर नोकरीला असताना उत्तरेकडे घालायचात तो जाड कोट अजून असेल तर पाठवा. मला फोनसोबत घरी एकटं ठेवून तिला बर्फ नीट बघता येणार नाही म्हणते, म्हणून तिने माझंही तिकीट काढलंय. पांढरा कागद मी काढून टाकला. ती अक्षरं आता कसलीच किल्ली नाहीत, नुसत्या तुमच्या दोन ओळी आहेत. आज सकाळी हेडमास्तरांबरोबर मीही वाचल्या. तिसऱ्या जागी सुख बरं दिसतं.